पंख्याची पकड

पाचव्या वळणावर काटा हलला. सहाव्यावर तो लाल रेघेला टेकला आणि सातव्यावर, पांढऱ्या दगडाशी, बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मी गाडी कडेला घेतली, मागच्या चाकाला दगड लावला आणि दार उघडून म्हटलं, "सिस्टर, उतरा."

सहा सिस्टर उतरल्या. कुणी कठड्यावर कुठं बसायचं हेसुद्धा आता ठरून गेलं होतं. सकाळचे सात वाजले होते तरी कठडा तापलेला होता, म्हणून त्या खाली पिशव्या घालून बसल्या. खालच्या वस्तीतला नवा जीपवाला आमच्या बाजूनं गेला आणि जाताना त्यानं हॉर्न वाजवला. रस्ता मोकळा होता, हॉर्नची काही गरज नव्हती.

वर पठारावर दवाखाना आहे. ह्या सहा जणींना सकाळी वर न्यायचं आणि दुपारी खाली आणायचं, एवढाच आमच्या गाडीचा उद्योग. गाडी जुनी, डिझेलवर चालणारी, लांबलचक. दारं बंद करताना ती असा आवाज करते की शेजारच्यांना आमचं येणं-जाणं कळतं.

मोठ्या सिस्टर घड्याळ बघत माझ्याजवळ आल्या. "गेल्या आठ दिवसांतला हा पाचवा उशीर," त्या म्हणाल्या. "बाया लेकरं घेऊन उन्हात बसलेल्या असतात गं. शनिवारपर्यंत बघते मी. नाही जमलं तर सोमवारपासून जीप सांगावी लागेल. तुझ्यावर राग नाही माझा."

राग असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

ह्या गाडीच्या तापण्यापायी आमच्या घरातलं एक माणूस आधीच स्टिअरिंगवरून खाली उतरलेलं होतं, आणि तो माझा नवरा. दोन उन्हाळ्यांपूर्वी गाडी त्यांच्या हातात अशीच उकळायला लागली. माझे सासरे, आबा, चाळीस वर्षांचे मेकॅनिक. त्यांनी गाडी तपासली, गाडीत काही सापडलं नाही, तेव्हा त्यांना मुलातच दोष सापडला. "ह्याचा पाय जड आहे," ते चार माणसांसमोर म्हणाले. "चढणीला कधी कुठला गियर टाकायचा एवढी अक्कल नाही. इंजिनाचं वाटोळं करील." आणि त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली. गंमत अशी की मला गाडी शिकवली ती ह्यांनीच. मी गियर टाकते तो त्यांच्यासारखाच, त्यांच्याच जागी. त्यानंतर पहिला उन्हाळा ढगाळ गेला, गाडी कधीमधीच तापली, आणि आबांना वाटलं आपलं निदान बरोबर. हे मात्र तेव्हापासून घरचा स्वयंपाक करतात, कोंबड्या बघतात आणि कुणी विचारलं तर सांगतात, "मला बढती मिळाली. आता मी बसून असतो."

ते विनोद करतात, पण तेव्हापासून एकदाही ते पुढच्या सीटवर बसलेले नाहीत.

आता काटा माझ्या हातात लाल होत होता. शनिवारी जीप ठरली की आबा काय म्हणणार हे मला पाठ होतं. गाडी भंगारात जाणार आणि घरातल्या दुसऱ्याही माणसाला, म्हणजे मला, गाडी चालवता येत नाही असं ठरणार.

मला एक खोड आहे. कुठलीही गोष्ट अशी का, हे कळल्याशिवाय मला झोप लागत नाही. लहानपणी त्यासाठी मी भरपूर बोलणी खाल्ली आहेत. कठड्यावर बसून मी मनाशी उजळणी केली. सपाटीवर कितीही पळवा, काटा हलत नाही. चढणीला, दुसऱ्या गियरमध्ये, बैलगाडीच्या चालीनं जाताना हलतो. मागून वारा असला की पाचव्याऐवजी चौथ्याच वळणावर हलतो. म्हणजे गाडीला समोरून वारा मिळाला की ती सुखी, नाही मिळाला की तापते. मग चढणीला वारा घालायचं काम कुणाचं? पंख्याचं.

दुपारी घरी आल्यावर मी आबांना हेच म्हटलं. ते आमच्या दारापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्टुलावर बसून नट-बोल्टचे पाने पुसत होते. पाने ते रोज पुसतात, वापरले नसले तरी.

"पंख्याला काही झालेलं नाही," आबा म्हणाले. "गेल्या दोन वर्षांत दोनदा क्लच बदललाय मी. दोन्ही वेळा कोरा, डब्यातला. पण तुझ्या मनात शंका नको. तिसरा आहे, तोही घालतो."

ह्या क्लचचं जरा सांगायला हवं. जुन्या डिझेल गाडीचा पंखा इंजिनाला थेट जोडलेला नसतो. मध्ये एक जाड, वाटोळा, कासवाच्या पाठीएवढा डबा असतो, त्यालाच क्लच म्हणतात. इंजिन थंड असलं की तो पंख्याला नुसता लोळत ठेवतो. गरम झालं की पकडतो, आणि मग पंखा वादळासारखा आवाज करत रेडिएटरमधून हवा ओढतो. आत घट्ट तेल असतं आणि तेच सगळं करतं, एवढं मला ऐकून माहीत होतं. कसं करतं, हे आबांनाही माहीत नव्हतं. सीलबंद वस्तू उघडायची नाही, हा त्यांचा नियम.

आबांनी शेडच्या मागच्या भिंतीवरचं फडताळ उघडलं. फडताळ म्हणजे त्यांचं देणंघेणं, मानपान, सगळं. एकेक वस्तू कापडात गुंडाळलेली, कापडावर सुतळी, आणि सगळ्या आडव्या झोपवलेल्या. तरुणपणी एकदा उभा ठेवलेला क्लच घरंगळून त्यांच्या पायावर पडला होता. अंगठ्याचं नख गेलं ते गेलंच. तेव्हापासून त्यांच्या फडताळात काही उभं नाही.

त्यांनी तिसरा क्लच सोडवला, जुना काढला, नवा बसवला. मोठा नट उलट्या आट्यांचा आहे, तो उजवीकडे फिरवला की सुटतो. नवशिका तिथं हमखास चुकतो. आबा डोळे मिटून करतात. गुडघे वाजत होते, मानेवरून घाम ओघळत होता, पण हात मात्र एकदाही अडखळला नाही. शेवटी त्यांनी पात्याला बोट लावून ढकललं. पंखा अर्धी फेरी गेला आणि जड होऊन थांबला.

"बघ," आबा म्हणाले. "पकड कशी आहे बघ. दीड फेरीच्या वर गेला तर क्लच मेला समजायचं. हा अर्ध्यात थांबला. माझा हात मला खोटं सांगत नाही." काढलेला क्लच त्यांनी पुसून कापडात गुंडाळला आणि पुन्हा फडताळात आडवा केला, कारण तोही त्यांच्या मते चांगलाच होता. "आता राहिलं इंजिनाचं हेड. रविवारी हेड उघडतो."

हे चहाचे पेले घेऊन आले होते. हेड उघडायचं ऐकून त्यांनी माझ्याकडे बघितलं. ह्या वयाचं इंजिन एकदा उघडलं की पुन्हा मिटेलच असं नाही. पण दोन वर्षं गाडीविषयी ते वडिलांशी एक अक्षर बोलत नाहीत.

बुधवारी सातव्या वळणावर पुन्हा वाफ.

ह्या वेळी मी पाणी ओतायची घाई केली नाही. इंजिन बंद केलं, हाताला फडकं गुंडाळलं, बॉनेट उचललं. गरम हवेचा भपकारा तोंडावर आला आणि भुवया करपल्यासारखं वाटलं. मी पात्याला बोट लावलं आणि आबांसारखंच ढकललं.

पंखा फिरला. थांबला नाही. फिरतच राहिला, जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखा.

"कितीदा फिरला?" मागून आवाज आला. मोठ्या सिस्टर येऊन उभ्या होत्या.

"मोजलं नाही."

"मग परत कर. मी मोजते." त्यांनी मनगटावरचं घड्याळ वळवलं, नाडी बघताना वळवतात तसं. मी ढकललं. बाकीच्याही कठड्यावरून उठून आल्या. सहा सिस्टर आणि मी, उघड्या बॉनेटभोवती, एखाद्या रोग्याच्या खाटेला घेरा घालावा तशा.

"नऊ," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "किती हवे होते?"

"दीडच्या आत. काल घरी अर्ध्यात थांबला. आबांनी माझ्यासमोर बघितलं."

"घरी गाडी गरम होती?"

नव्हती. घर चढणीच्या पायथ्याशी. गाडी वर तापते, पण वरून खाली येताना उतार, समोरून वारा, इंजिनाला काही काम नाही. दारात येईपर्यंत ती गार झालेली असते. आबांना वळणावळणाच्या रस्त्यावर घेरी येते, म्हणून कितीतरी वर्षांत ते वर आलेले नाहीत. त्यांनी ही गाडी तापलेली कधी बघितलीच नव्हती.

"ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून काय कळणार?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. त्या दिवशीही उशीर झाला, पण वर जाईपर्यंत गाडीत पंख्याशिवाय दुसरा विषय नव्हता. सगळ्यांत धाकट्या सिस्टरनं विचारलं, "पण मग थंड असताना तो अर्ध्यात का थांबला?" तेच मलाही छळत होतं.

दुपारी आबा आडवे झाले तेव्हा मी फडताळ उघडलं. काल ठेवलेला क्लच बाजूला करून मी त्याआधीचा, दोन उन्हाळ्यांपूर्वी घातलेला, काढला. सुतळी सोडली. कापडाला मधोमध बशीएवढा डाग होता. बोट लावलं तर बुळबुळीत. वास नाही, रंग नाही. साबणानं हात धुतला तरी तो बुळबुळीतपणा जाईना. मग मी तिसऱ्या क्लचचं मोकळं कापड उचललं, जो कालपर्यंत कधी गाडीत चढलाच नव्हता. त्यालाही डाग. हा डाग पहिल्याहून जुना, आणि त्याखालच्या फळीवर आणखी जुना, धूळ बसून काळा झालेला.

मला कळलं. आडवं ठेवल्यामुळे वर्षानुवर्षं तेल झिरपत होतं. गाडीत चढण्याआधीच हे क्लच मेलेले होते.

कळल्याचा मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडलेच. आणि लगेच तो आनंद विरला. कारण ह्यांच्या हातात गाडी तापायला लागली ती पहिला क्लच बदलल्यावर, त्याच आठवड्यात.

मी कापड घेऊन स्वयंपाकघरात गेले. हे कांदा चिरत होते. मी कापड दाखवलं, सगळं सांगितलं. त्यांनी विळी बाजूला केली, डागावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ ते बोट अंगठ्यावर घासत राहिले.

"कांद्यानं डोळे चुरचुरतात," ते म्हणाले.

"आबांना सांगूया?"

"तू सांगितलंस तर सुनेनं चूक काढली होईल. मी सांगितलं तर मुलानं सूड घेतला होईल. गाडीलाच सांगू दे."

संध्याकाळी मी आबांना म्हटलं, "उद्या वर चला माझ्याबरोबर."

"मला घेरी येते."

"गाडीलाही येते. दोघांनाही एकदमच येऊ दे."

आबा हसले नाहीत. हे दारातून, वडिलांकडे न बघता, भिंतीकडे बघत म्हणाले, "हेड उघडण्याआधी एकदा बघून तरी या." दोन वर्षांत गाडीविषयी त्यांनी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. आबा म्हणाले, "किती वाजता निघतेस?"

गुरुवारी आबा पुढं बसले. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातानं वरची कडी घट्ट धरलेली. तिसऱ्या वळणावर ते पांढरे पडले. चौथ्यावर मोठ्या सिस्टरनी मागून त्यांच्या हातात आल्याचा तुकडा दिला. सातव्यावर वाफ आली, मी थांबले, बॉनेट उघडलं आणि बाजूला झाले. सिस्टर सगळ्या उतरून बॉनेटभोवती उभ्या राहिल्या. आबांना ते आवडलं नसणार. चाळीस वर्षांत त्यांच्या कामावर असा कुणी पहारा ठेवला नव्हता.

त्यांनी बोट लावलं. पंखा फिरला. नऊ, दहा. त्यांनी पुन्हा ढकललं, ह्या वेळी अगदी हलकेच. सहा, सात, आठ.

आबांचा हात तसाच हवेत राहिला. वाफ त्यांच्या मनगटाला लागत होती तरी त्यांनी हात मागं घेतला नाही. मीच तो धरून बाजूला केला. जीपवाला तेवढ्यात हॉर्न वाजवत गेला. आबांनी मान वर केली नाही.

दुपारी उतरताना त्यांना घेरी आली नाही, किंवा आली असेल तर त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. घर दिसायला लागलं तेव्हा ते म्हणाले, "तिन्ही?"

मी त्यांना कापडांचं सांगितलं. "हो आबा. तिन्ही."

शेडमध्ये जाऊन त्यांनी फडताळातले दोन्ही क्लच बाहेर काढले. कापडं सोडली, डाग बघितले, फळीवर तळहात फिरवला. मला वाटलं आता ते ओरडतील, किंवा आत जाऊन पडतील. ते स्टुलावर बसले, क्लच मांडीवर घेतला आणि उलटसुलट बघत राहिले. मग म्हणाले, "आत असतं तरी काय ह्याच्या?"

"उघडायचा?" मी विचारलं.

"मेलेलाच आहे. आणखी काय मरणार?"

कडेनं आठ स्क्रू होते. सहा निघाले, दोन हटून बसले. आबांनी छिन्नीनं त्यांची डोकी हळूहळू ठोकत फिरवली. झाकण सुटलं आणि आम्ही दोघं एकदमच वाकलो. डोक्यावर डोकं आपटलं. आत दोन चकत्या. दोन्हींवर गोल गोल चर, तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तसे. एकीचे चर दुसरीत बसत होते, पण कुठंच एकमेकांना टेकत नव्हते. मध्ये केसभर फट.

"म्हणजे लोखंड लोखंडाला धरतच नाही," आबा म्हणाले. "मी चाळीस वर्षं समजत होतो की आत काहीतरी आवळतं."

"तेलच ओढतं. चिखलात पाय ओढला जातो तसं."

"आणि त्याला कळतं कसं, गरम झालं म्हणून?"

पुढच्या बाजूला घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी होती आणि तिच्या टोकाला खिळा. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अहो, उकळतं पाणी आणा!" हे किटली घेऊन आले. आबांनी झाकण परातीत धरलं आणि ह्यांनी पट्टीवर धार धरली. कोंबडी मान वळवते तसा खिळा वळला आणि आतलं बारीक भोक उघडलं. गार पाणी ओतलं, भोक मिटलं.

"पुन्हा," आबा म्हणाले.

पाच-सहा वेळा तरी आम्ही ते केलं. किटली संपली तेव्हा ह्यांनी न सांगता दुसरी ठेवली. तिघं एका परातीभोवती उकिडवे बसलो होतो. कुणीतरी बघितलं असतं तर ह्यांना उद्योग नाहीत असंच म्हणाला असता.

धाकट्या सिस्टरच्या प्रश्नाचं उत्तरही तिथंच मिळालं. झिरपलेलं तेल बेअरिंगपाशी धुळीत मिसळून खळीसारखं घट्ट झालं होतं. थंड असताना तेच चिकटून पंखा अडवायचं आणि आबांच्या बोटाला पकड असल्याचं सांगायचं. गरम झालं की ते सैल पडायचं. आबांनी ती काळी खळ नखानं खरवडून बघितली. त्यांचा हात खोटं सांगत नव्हता, पण त्याला विचारलं होतं ते चुकीच्या वेळी.

आता तेल आणायचं कुठून? बाजारातल्या दुकानदारानं नवा क्लच महिन्याभरानं येईल असं सांगितलं आणि सुटं तेल कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी आबांनीच काढलं. "तिन्हींत थोडं थोडं उरलेलं असणार. तिन्हींचं मिळून एकाचं तरी होईल."

दुसराही क्लच उघडला आणि दोन्ही पत्र्यावर उन्हात, एका डब्यावर तिरके टेकवून ठेवले. तेल मधापेक्षा आळशी. गुरुवारची अख्खी संध्याकाळ एक थेंब लोंबत राहिला. शुक्रवारी मी मेलेल्याच क्लचवर गाडी वर नेली, दोनदा थांबले, आणि मोठ्या सिस्टरना सगळी हकिगत सांगितली. त्यांनी दवाखान्यातून दोन मोठ्या कोऱ्या सिरिंज दिल्या. "मोजून घाला," त्या म्हणाल्या. "अंदाजानं डोस देऊ नका." मग जरा थांबून, "उद्या शनिवार आहे, लक्षात आहे ना?" मी मान हलवली.

शुक्रवारी दुपारी गाडीतला क्लच काढला, उघडला, खळ धुऊन काढली. तिन्हींचं तेल सिरिंजमध्ये ओढलं. किती घालायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. कमी पडलं तर पकडणार नाही; जास्त झालं तर सुटणारच नाही, आणि पंखा सतत ओरडत इंजिनाची ताकद खाईल. जमलं होतं तेवढं सगळं घातलं, कारण त्याहून जास्त नव्हतंच. झाकण लावताना आबांनी एकेक स्क्रू समोरासमोरचा आवळला. मग क्लच रात्रभर उभा ठेवायचा होता. आबांनी तो दोन विटांमध्ये उभा केला, वर कापड टाकलं आणि आपला नख गेलेला पाय मागं घेतला.

शनिवारी पहाटे क्लच चढवला. पंख्याला बोट लावून बघायचं का, असं मी विचारलं. "थंड आहे," आबा म्हणाले. "आत्ता काय सांगणार तो?"

मी किल्ली घ्यायला हात पुढं केला. आबांनी ती मला दिली नाही. ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि म्हणाले, "आज तू चालव."

हे चुलीपाशी होते. "मी? माझा पाय जड आहे," ते म्हणाले. गमतीनं म्हणाले, पण आवाज गमतीचा निघाला नाही.

"चालव," आबा म्हणाले. "दोन उन्हाळ्यांपूर्वी चालवायचास तशी. एक गियर इकडचा तिकडं करू नकोस."

मला कळलं त्यांना काय बघायचं होतं. ह्यांनाही कळलं. त्यांनी हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. गाडीत बसल्यावर सीट मागं सरकवली. माझ्या मापानं ती दोन वर्षं पुढं होती.

आबा पुढं, पाच सिस्टर दाटीवाटीनं मधे, मी आणि धाकट्या सिस्टर मागं सामानाच्या जागेत गुडघे पोटाशी घेऊन. तिथून मला काटा दिसत नव्हता, फक्त ह्यांची मान दिसत होती. मानेवर घामाचा थेंब होता आणि तो खाली येत नव्हता.

पहिलं वळण, दुसरं, तिसरं. दुसरा गियर. मी टाकते तिथंच, रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघेच्या जरा अलीकडे. चौथं. "काटा?" मी विचारलं. "मध्यावर," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. पाचवं. "हलला," त्या म्हणाल्या. गाडीत कुणी श्वास घेत नव्हतं. सहावं. "अजून वर. लाल रेघेला दोन बोटं कमी."

ह्यांची मान ताठ झाली. गियरवर हात होता, तो त्यांनी हलवला नाही.

आणि मग आवाज आला. आधी घोंगावल्यासारखा, मग एकदम भरून, अख्ख्या गाडीखालून वारा सुटावा तसा. पायाखालचा पत्रा थरथरला. धाकट्या सिस्टरनं माझा दंड धरला. "काय झालं?"

"पकडला," मी म्हटलं. "पंख्यानं पकडलं."

"थांबला," मोठ्या सिस्टर काट्याकडे बोट करून ओरडल्या. "थांबला! अगं, उतरतोय!"

पांढऱ्या दगडाजवळून आम्ही न थांबता गेलो. सिस्टरनी कठड्याकडे बघून हात हलवले. पठारावर आल्यावर वारा लागला, आणि दोनेक मिनिटांत तो आवाज हळूहळू ओसरून गेला. सुटलाही वेळेवर. दवाखान्याच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा आठाला वीस मिनिटं कमी होती.

मोठ्या सिस्टर उतरल्या, साडीच्या चुण्या झटकल्या. "सोमवारी सहा चाळीसला," त्या म्हणाल्या. "कोण येणार चालवायला?"

"हीच येणार," हे म्हणाले. "मला सोमवारी बढतीच्या जागेवर काम आहे." मग माझ्याकडे बघून, हळूच, "मंगळवारी मी."

सिस्टर आत गेल्या. दुपारपर्यंत थांबायचं होतं, म्हणून मी मागून उतरून पाय मोकळे केले आणि पुढच्या खिडकीशी आले. आबा अजून सीटवरच होते. वरची कडी त्यांनी सोडलेली नव्हती. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"तेव्हाही अशीच चालवायचास?" त्यांनी विचारलं.

"अशीच," हे म्हणाले.

आबांनी कडी सोडली. "मग चांगली चालवायचास," ते म्हणाले. "मी चुकलो."